पोराचा हात पुढं गेला, आता पखवाज कोणता घ्यावा?

भातकापणी उरकली, खळी मोकळी झाली की मावळात सप्ताहांना सुरुवात होते. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, कुठल्याही अंगाला निघा, एखाद्या तरी गावात मांडव पडलेला दिसतो. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. विणेकरी उभा, टाळकऱ्यांच्या दोन रांगा आणि एका अंगाला पखवाज घेऊन बसलेला मृदंगमणी. अलीकडं त्या जागेवर बारा-चौदा वर्षांची पोरं दिसू लागली आहेत. काही गावांत पोरीही बसतात आणि थाप अशी देतात की मागं बसलेले म्हातारे मान वर करून बघतात.

शेतीखात्याच्या माणसानं पखवाजावर लिहावं याचं कुणाला नवल वाटेल. पण गावात संध्याकाळची बैठक असली की पीकपाण्याचं बोलणं झाल्यावर देवळाच्या पायरीवर पुढचा प्रश्न येतो. "साहेब, पोरगं आता बरं वाजवतंय. देवळातला पखवाज त्याला पुरत नाही म्हणतंय. घ्यायचा तर कोणता घ्यावा?" शिवाय पखवाज म्हणजे तरी काय? लाकूड, कातडं, कणीक आणि हवेतला ओलावा. चारही गोष्टी शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीच्या. ती ओळख खरेदीच्या वेळी कामाला लावावी, एवढ्यासाठी हा लेख.

चर्मवाद्य मावळाला नवं नाही. मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत तबल्यासारखी वाद्यं वाजवणारी बाई आणि तिच्याबरोबर नाचणारी बाई कोरलेली आहे. ती लेणी इसवी सनापूर्वीची. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर तुकोबांच्या चिंतनाचा. त्यांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आपल्याच सुदुंबऱ्यात. आपण मृदंग आणि पखवाज हे दोन्ही शब्द एकाच वाद्याला वापरतो. नावाप्रमाणं मृदंग म्हणजे मातीच्या अंगाचा, पण आज आपल्या हाताखाली असतो तो लाकडी खोडाचा पखवाज.

हे सगळं टिकायचं तर हात पाहिजेत. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या तरुणांना रोजच्या हरिपाठाला बसणं जमत नाही. कित्येक मंडळांत पखवाजाला एकच म्हातारा माणूस उरला आहे. अशा गावात एखादं पोर चार वर्षं मन लावून शिकतं आणि मग मुक्या वाद्यावर हात आपटून कंटाळून सोडून देतं, तेव्हा नुकसान त्या एका घराचं नसतं. पुढची वीस वर्षं त्या गावचं भजन टाळांवरच चालायचं असतं. म्हणून हा प्रश्न हौसेचा समजू नये.

आधी निदान, मग औषध

भाताचं पान पिवळं पडलं की शहाणा शेतकरी लगेच युरियाची गोणी फोडत नाही. पाणी साचलंय का, नत्र कमी पडलंय का, खोडकिडा लागलाय का, हे आधी बघतो. पखवाजाचंही तसंच. "वाजत नाही" या तक्रारीमागं तीन कारणं असू शकतात: हात, पुडी किंवा खोड.

निदान सोपं आहे. त्याच पखवाजावर शिकवणाऱ्या गुरुजींना बसवा. त्यांच्या हाताखाली 'ता' खणखणीत आणि 'धा' भरून निघाला, तर वाद्य ठीक आहे, हात अजून तयार व्हायचा आहे. सहा महिने थांबा. गुरुजींच्या हाताखालीही आवाज बसका निघाला, तर दोष वाद्याचा. तरीही नवा पखवाज लगेच घेऊ नका. आधी कारागिराकडून पुड्या बदलून घ्या. पुडी नवी चढवून, वादी ओढून घेतल्यावरही सूर टिकत नसेल, आवाज लाकडात घुमत नसेल, तेव्हा खोडाचा दोष मानावा.

नाणे मावळातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. मुलगा चौदा वर्षांचा, चार वर्षं शिकत होता. बाप म्हणाला, "कालवड विकतो आणि चांगला पखवाज आणतो." आम्ही गुरुजींना घेऊन देवळातला पखवाज बघितला. उजव्या तोंडाच्या शाईला तडे गेलेले, कडेनं टवके उडालेले. डाव्या तोंडावर जुन्या कणकेचे थर वाळून कातडं पापडासारखं कडक झालेलं. गुरुजी म्हणाले, कालवड राहू द्या, दोन्ही पुड्या भरून आणा. त्याप्रमाणं केलं आणि त्याच खोडावर पोरगं आणखी दीड वर्ष वाजवत राहिलं. त्यानंतर खरोखरच हात पुढं गेला आणि मोठं खोड घ्यायची वेळ आली. तोवर घरात थोडा पैसाही साठला होता. कालवड दावणीलाच राहिली, पुढं व्यालीसुद्धा.

मोठ्या वाद्याची वेळ आली हे ओळखायचं कसं? 'तिट', 'किट', 'गदिगन' ही अक्षरं दुगुनीत मोकळी निघू लागतात. पोर स्वतःहून सूर लागलाय की नाही ते सांगू लागतं, हातोडी मागतं. रियाजाला बोलवावं लागत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारं पोर असेल, तर चौताल, धमार हे ताल स्वतंत्र वाजवून दाखवायचे असतात. भजनात टाळांच्या गजरात जे झाकून जातं, ते तिथं उघडं पडतं. गुरुजींनी "आता याला बरं वाद्य द्या" म्हटलं की समजावं. शेजारच्या गावातल्या पोरानं नवा आणला, हे कारण धरू नये.

पैसा खोडात घाला

पखवाजाच्या किमतीत तीन वाटे असतात: खोड, पुड्या आणि वादी-गठ्ठ्यांची मजुरी. पुडी ही बियाण्यासारखी, थोड्या हंगामांनी बदलायचीच. वादीही बदलते. खोड मात्र जमिनीसारखं, नीट सांभाळलं तर नातवालाही पुरतं. म्हणून हात आखडायचा तर पॉलिशवर आखडा, पितळी नक्षीवर आखडा, खोडावर नको.

खोडासाठी खैर, शिसम, बिबळा, बाभूळ, फणस, कडुनिंब, आंबा अशी लाकडं वापरात आहेत. खैर सगळ्यांत घट्ट आणि जड. त्याचा नाद भरीव आणि कीड सहसा लागत नाही. शिसम, बिबळाही चांगले. फणसाचं लाकूड मध्यम वजनाचं आणि टिकाऊ. दक्षिणेतला मृदंगम् फणसाचाच करतात. कडुनिंब हलका आणि किडीला कमी बळी पडणारा. आंबा स्वस्त आणि हलका, पण भुंगा लवकर लागतो. शिकाऊ पोराच्या पहिल्या पखवाजाला तो चालेल, दुसऱ्याला टाळलेला बरा.

दुकानात गेल्यावर खोड असं बघावं:

१. शक्य असेल तर पुडी न चढवलेलं खोड मागा. रंग-पॉलिश केलेल्या, मढवलेल्या पखवाजाच्या आत काय आहे ते दिसत नाही. चांगला कारागीर खोड उघडं दाखवायला नाही म्हणत नाही.

२. लाकूड गाभ्याचं आहे का ते बघा. झाडाच्या सालीलगतचं लाकूड पांढरट, फिकं असतं, आतलं गडद. पांढऱ्या लाकडात पिठूळ अंश जास्त, म्हणून भुंगा आधी तिथंच शिरतो. काठावर पांढरा पट्टा रुंद दिसला तर ते खोड सोडून द्या.

३. बारीक भोकं आणि त्यांच्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर आत भुंगा जिवंत आहे. कणगीतल्या धान्यातला सोंड्या ओळखता, तसंच हे. असलं खोड फुकट मिळालं तरी घरात आणू नये, घराच्या वाशांनाही धोका.

४. भेगा तपासा. लाकडाचा भुसा आणि लाख किंवा डिंक भरून भेग बुजवतात आणि वरून रंग देतात. उजेडाकडं तोंड करून आतून बघा, बोट फिरवा. काठाला उभी चीर असेल तर ती वादीच्या ओढीनं वाढतच जाणार.

५. काठाची जाडी सगळीकडून सारखी पाहिजे. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ असं खोड सुरात बसायला त्रास देतं.

६. ओल बघा. साठवणुकीचं भात १२ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्याशिवाय आपण कणगीत भरत नाही. लाकडालाही हेच लागू. एकाच लाकडाची, एकाच मापाची दोन खोडं हातात घ्या. त्यात एक फारच जड लागलं आणि बोटाच्या पेरानं ठोकल्यावर भद्द वाजलं, तर ते ओलं असण्याचा संभव मोठा. ओलं खोड लोणावळ्याच्या पावसात गप्प राहतं आणि वैशाखात तडकतं. नुसत्या वजनावर भुलू नका, जडपणा खैराचाही असतो आणि पाण्याचाही.

काही जण म्हणतात, बांधावर जुना फणस आहे, तोच पाडून खोड करू. इथं दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खैर, फणस, आंबा, बिबळा ही झाडं झाडतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालकीचं झाड असलं तरी परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. दुसरं म्हणजे भरीव ओंडका वाळताना मधूनच फुटतो. म्हणून तो आधी आतून ढोबळ कोरून, सावलीत, हळूहळू वाळवावा लागतो. त्याला वर्षं लागतात. पोराची गरज आजची असेल तर हा मार्ग नाही. वाऱ्यानं पडलेल्या झाडाचा बुंधा रीतसर कागद करून एखाद्या कारागिराकडं ठेवला, तर तो धाकट्या भावंडाच्या कामी येईल.

जुनं खोड, नवी पुडी

माझा स्वतःचा सल्ला विचाराल तर आधी जुन्या खोडाचा शोध घ्या. मावळातल्या बऱ्याच घरांत आजोबांचा पखवाज माळ्यावर पडून असतो. वाजवणारा माणूस गेला, मुलं नोकरीला लागली, पुड्या फाटल्या, वादीला उंदीर लागले. पण खोड तीस-चाळीस वर्षं वाळलेलं असतं. जी भेग पडायची ती पडून गेलेली असते, जे आकसायचं ते आकसून झालेलं असतं. अशा खोडाला भुंगा नसेल आणि काठ शाबूत असतील, तर त्यावर नव्या पुड्या आणि नवी वादी चढवून होणारा पखवाज दुकानातल्या नव्या कोऱ्याला हटत नाही, आणि पैसेही कमी लागतात.

मागं सांगितलेल्या दूधवाल्याच्या पोराला असंच शिसमाचं जुनं खोड पवन मावळातल्या एका घरातून मिळालं. त्या घरच्या आजींनी पैसे घेतले, पण एक अट घातली: दरवर्षी त्यांच्या गावच्या सप्ताहात एक दिवस पोरानं येऊन वाजवायचं. असा व्यवहार दुकानात होत नाही.

जुना पखवाज मागायला जाताना मात्र मान ठेवून जावं. तो त्या घरचा देव्हाऱ्याजवळचा माल असतो, भंगार नव्हे. योग्य किंमत स्वतःहून बोलावी.

पुडी आणि शाई

पुडी शेळी-बोकडाच्या कातड्याची. उजव्या तोंडावर कडेला चाट, मध्ये मोकळी लव आणि तिच्या मधोमध काळी शाई. ही शाई लोखंडाची बारीक पूड आणि खळ कालवून एकावर एक थर देऊन, दगडानं घोटून बसवलेली असते. तिच्यात सगळी कला आहे. साधा ढोल वाजवला तर आवाज मोठा येतो, पण त्याला ठरावीक सूर नसतो, म्हणून ढोल पेटीशी मिळवता येत नाही. पखवाज मिळवता येतो तो शाईमुळं. सर सी. व्ही. रामन यांनी आपल्या तबला-मृदंगांचा अभ्यास करून हेच दाखवलं. कातड्यावर मधोमध असं वजन बसवल्यानं त्यातून निघणारे नाद तारेच्या नादांसारखे एकमेकांशी सुरेल नात्यात येतात. हा निबंध १९२० साली 'नेचर' या विलायती शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. आपल्या कारागिरांना हे हातानं आधीपासून ठाऊक होतं, रामन यांनी त्याचं गणित मांडलं.

म्हणून पुडी घेताना शाईकडं नीट बघा. ती बरोबर मधोमध आहे का? थर कडेला पातळ होत गेलाय का? तडे, टवके, उंचवटे आहेत का? मग तर्जनीनं चाटेवर, प्रत्येक गठ्ठ्यासमोर, गोल फिरत एकेक टिचकी मारा. आठही जागी सूर सारखा आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी वर-खाली असेल तर गजऱ्यावर हातोडीनं ठोकून तो मिळतो का ते कारागिराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. मिळाला तर ठीक. ठोकूनही ती जागा ऐकत नसेल, तर पुडी किंवा काठ सदोष आहे.

डाव्या तोंडाला ताजी भिजवलेली कणीक लावून ऐका. कोरड्या तोंडावर दिलेली थाप काहीच सांगत नाही. कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो, कमी केली की चढतो. मापाची कणीक लावल्यावर थाप छातीत घुमली पाहिजे, डब्यासारखी वाजता कामा नये.

आता नटबोल्टचे पखवाजही मिळतात. पान्यानं सूर चढवता-उतरवता येतो, वादी ओढणारा माणूस शोधावा लागत नाही. ज्या गावाजवळ कारागीर नाही, तिथं ही मोठी सोय आहे. पण लोखंडाचं वजन वाढतं आणि घाटमाथ्याच्या हवेत गंज धरतो. बोल्टला तेलाचं बोट लावत राहावं लागतं. वादीच्या पखवाजाची गोडी वेगळी असं जुनी मंडळी म्हणतात. दोन्ही ऐकून पोरानं ठरवावं.

पट्टी, माप आणि वजन

घरून निघण्याआधी एक प्रश्न विचारून निघा: आपल्या मंडळाची पट्टी कोणती? पेटीवाल्याला विचारा. कुणी काळी एक-दोनमध्ये गातं, बायकांचं भजनी मंडळ काळी चार-पाचमध्ये. पखवाजाचं उजवं तोंड जेवढं लहान तेवढा सूर वर. मोठ्या तोंडाचा पखवाज ओढून ओढून वर नेला की आवाज चिरका येतो आणि पुडी लवकर फाटते. लहान तोंडाचा खाली उतरवला की ढिला वाजतो. पखवाज कितीही भारी असो, मंडळाच्या पट्टीत बसत नसेल तर तो त्या गावचा नाही.

दुसरं माप पोराच्या अंगाचं. मांडी घालून बसवा, पखवाज पुढं आडवा ठेवा. दोन्ही हात दोन्ही तोंडांवर खांदे न उचलता पोचले पाहिजेत. डाव्या तोंडावर पूर्ण पंजाची थाप पडली पाहिजे. पोर वाकून, एका अंगाला कलून वाजवत असेल तर खोड लांब आहे. "वाढत्या अंगाचं पोर आहे, पुढं पुरेल" म्हणून दोन मापं मोठा सदरा शिवला तर चालतो. दोन मापं मोठ्या पखवाजानं मनगट आणि खांदा धरतो, आणि वाकडी पडलेली बैठक पुढं सुटत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. बसून वाजवायचा असेल तर खैराचं जड खोड उत्तम, जागचं हलत नाही. पण ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. दिंडीत पोरगं गळ्यात पट्टा अडकवून मैलोन्‌मैल चालणार असेल, तर तोच खैर मानेला भार होतो. चौदा वर्षांच्या पोराच्या गळ्यात दिवसभर जड खोड देऊ नये. दिंडीसाठी मंडळाचा हलका पखवाज वापरावा आणि पोराचा स्वतःचा बैठकीचा घ्यावा. पट्टा रुंद असावा, खांद्यावर जाड कापडाची घडी असावी. लोणावळ्याहून लोकलनं पुण्याला क्लासला जाणाऱ्या पोरांनीही वजनाचा विचार करावा. रोजच्या शिकवणीला गुरुजींकडचाच पखवाज असतो, आपला घरी ठेवला तरी चालतो.

मावळचा पाऊस ध्यानात ठेवा

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कामशेत, वडगाव, तळेगावकडं येता येता तो झपाट्यानं कमी होतो. म्हणजे एकाच तालुक्यात दोन हवामानं. आपण इंद्रायणी भात लावताना हे बघतो, पखवाज घेतानाही बघावं.

आषाढ-श्रावणात कातडं हवेतली ओल पिऊन सैल पडतं, सूर उतरतो. पोरं गठ्ठे ठोकून ठोकून सूर वर नेतात आणि भजन झालं की पखवाज तसाच ठेवतात. पुढं उघडीप पडली की तेच कातडं आकसतं, ताण दुप्पट होतो आणि एखाद्या रात्री कुणी हात न लावता पुडी फाटते. म्हणून पावसाळ्यात वाजवून झाल्यावर गठ्ठे वर सरकवून ताण उतरवावा. पखवाज फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावा. सुती खोळ घालावी. प्लॅस्टिकची खोळ फक्त रस्त्यात भिजू नये म्हणून, घरात काढून टाकावी, आत घाम धरतो. चुलीवर किंवा हिटरपुढं पुडी शेकू नये, शाई तडकते. कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवला की पुरतं, तेही दोन्ही तोंडं आळीपाळीनं.

कणीक वाजवून झाल्याबरोबर काढावी आणि ओलसर फडक्यानं तोंड पुसून घ्यावं. राहिलेली कणीक वाळली की कातडं ताठ होतं आणि तिच्या वासानं उंदीर-झुरळं येतात. पुड्या जेवढ्या वाजवून फाटतात तेवढ्याच उंदरांनी फाटतात, हे कोणताही कारागीर सांगेल.

यावरून खरेदीचा महिनाही ठरतो. भर पावसात पखवाज घेऊ नये, कारण सगळीच वाद्यं तेव्हा बसकी वाजतात आणि चांगलं-वाईट कळत नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर घ्यावा. तेव्हाच भाताचे पैसेही हातात येतात.

आणण्याआधी पारख

पखवाजाची दुकानं आणि कारागीर आळंदी, पंढरपूर आणि पुणे शहरात आहेत. जाताना गुरुजींना बरोबर न्या. त्यांचा प्रवासखर्च आणि मोडलेल्या दिवसाचा मोबदला आपण द्यावा, म्हणजे त्यांना फक्त पोराचं हित बघता येतं. पोराला तर न्यायचंच. बापानं एकट्यानं जाऊन वाद्य आणणं म्हणजे पोराचं पायताण स्वतःच्या पायाला बघून घेण्यासारखं.

दुकानात पोराला पाठ फिरवून बसवा. तीन-चार पखवाज गुरुजींनी एकच बोल वाजवून दाखवावेत, किंमत कुणी उच्चारू नये. पोरानं कानानं दोन निवडावेत. मग ते दोन स्वतः वाजवावेत. बहुतेक वेळा पोर जो निवडतं तो सगळ्यात चकचकीत नसतो. त्यानंतर गुरुजींनी वाजवावं आणि पोरानं वीस पावलं लांब जाऊन ऐकावं. जवळून मोठा वाटणारा एखादा आवाज लांब गेला की विरतो. देवळाच्या मागच्या खांबापाशी बसलेल्या माणसाला ऐकू जातो तो खरा.

ठरल्यावर दुकानदाराला विचारा, आठ-पंधरा दिवस नेऊन वाजवू द्याल का? ओळखीवर, थोडी अनामत ठेवून पुष्कळ जण देतात. त्या दिवसांत दोन गोष्टी बघा: मंडळाच्या पेटीबरोबर बसतो का, आणि लावलेला सूर एक अख्खं भजन टिकतो का. पुन्हा पुडी बदलायची वेळ आली तर त्याच कारागिराकडं जाता येईल का, हेही विचारून ठेवा. पखवाज एकदा घ्यायचा असतो, भरणारा माणूस जन्मभर लागतो.

पैशाचं गणित

पीककर्जाचा पैसा यात घालू नये. तो भाताचा आहे, भातातच राहू द्यावा. दुभती गाय, कालवड विकू नये, कारण तिच्या दुधावरच पुढच्या पुड्यांचा खर्च निघणार आहे. ठरवलेल्या रकमेतला थोडा भाग बाजूला काढून ठेवावा: हातोडी, जाड सुती खोळ, पट्टा आणि वर्षा-दोन वर्षांनी लागणारी पुडी. सगळा पैसा खोडात घालून पुडीला काहीच उरलं नाही, तर भारी खैराचा पखवाजही मुका होतो.

मंडळानं वाटा उचलला तर उत्तमच. पण मग वाद्य कुणाचं, ते राहणार कुठं, पुडीचा खर्च कोण देणार, हे सुरुवातीलाच चार माणसांसमोर बोलून घ्यावं. बैल भागीत घेताना बोलतो तसं. वाद्य देवळाच्या कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी, अशानं पोराचा रियाज बुडतो. ज्याचा हात त्याच्या घरी वाद्य, हा नियम ठेवावा.

शेवटी एक. नवा पखवाज घरात आला की जुना विकू नका. पोराच्या मागं धाकटी बहीण असेल, शेजारचं पोर दारात उभं राहून ऐकत असेल. जुन्याला एक साधी पुडी चढवून तो त्यांच्यापुढं ठेवा. एक हात तयार करायला चार-पाच वर्षं लागतात. पुढच्या हाताची पेरणी आजच करून ठेवावी.